कारमागचा ट्रेलर वेगात डोलतो: लक्षणे, तपासण्यांचा क्रम आणि कुठे थांबावे

लक्षणे

ट्रेलर जोडून निघाल्यावर पहिले काही किलोमीटर सगळे ठीक वाटते. मग वेग ताशी ७०-८० किलोमीटरच्या पुढे गेला, की मागून कोणीतरी कारला आळीपाळीने डावीउजवीकडे ओढत असल्यासारखे जाणवते, आरशात ट्रेलरची एक बाजू जास्त दिसते, मग दुसरी, आणि स्टिअरिंग हातात हलके किंवा अस्वस्थ वाटू लागते. वेग कमी केला की हे थांबते, म्हणून चालक ते विसरतो आणि पुढच्या उतारावर तेच पुन्हा घडते. या एकाच तक्रारीचे ट्रेलर मी इतक्या वेळा तपासले आहेत, की आता तपासणीआधी चालकाला काही प्रश्न विचारतो. त्यांच्या उत्तरांवरून निम्मे निदान होते.

मोठा ट्रक शेजारून गेल्यावर ट्रेलर एकदा बाहेर ढकलला जातो, मग आत ओढला जातो आणि दोन-तीन झोक्यांत स्वतःहून स्थिर होतो, एवढेच होत असेल तर तो हवेच्या दाबाचा परिणाम आहे आणि तो प्रत्येक ट्रेलरला जाणवतो. झोके कमी न होता तसेच राहतात किंवा वाढत जातात, असे असेल तर दोष आहे. विशिष्ट वेगानंतरच डोलणे सुरू होते आणि उतारावर अधिक होते, तेव्हा बहुतेक वेळा माल चुकीच्या जागी भरलेला असतो. निघताना किंवा ब्रेक लावताना मागून ठक्क असा आवाज येत असेल, तर जोडणीत ढिलेपणा शोधावा. ट्रेलर डोलत नाही, पण सरळ रस्त्यावरही कारच्या मागे किंचित तिरका चालतो आणि एका बाजूचा टायर लवकर झिजतो, तर चाके ज्या आडव्या दांड्यावर बसतात त्या अ‍ॅक्सलकडे पाहावे. कारचे तोंड उचलल्यासारखे दिसते, हेडलाइटचा झोत वर जातो आणि स्टिअरिंग हलके लागते, तेव्हा उलट प्रकार असतो: ट्रेलरची दांडी (पुढे आलेला, कारला जोडला जाणारा भाग) कारवर गरजेपेक्षा जास्त भार टाकत असते.

आणखी एक लक्षण मला फार महत्त्वाचे वाटते, कारण ते सहसा कोणी आपणहून सांगत नाही. जाताना ट्रेलर शांत होता आणि परतीच्या प्रवासात डोलू लागला, असे असेल तर यांत्रिक दोष शोधण्याआधी परतताना माल कोणत्या क्रमाने भरला ते आठवावे. शेवटी चढवलेली वस्तू दाराजवळ राहते, आणि दार मागे असते.

डोलणे सुरू झाले त्या क्षणी काय करावे

तपासण्या नंतर होतील, पण हा भाग आधी वाचून लक्षात ठेवावा. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढावा, स्टिअरिंग सरळ आणि घट्ट धरून ठेवावे आणि वेग आपोआप उतरू द्यावा. झोक्याच्या विरुद्ध दिशेला स्टिअरिंग फिरवून ट्रेलर सरळ करण्याचा प्रयत्न करू नये. माणसाचा हात फिरेपर्यंत ट्रेलर परतीच्या झोक्यावर असतो आणि आपण त्याला थांबवण्याऐवजी आणखी ढकलतो. जोरात ब्रेक लावू नये, कारण कार मंदावते तेव्हा मागचे वजन पुढे रेटते आणि तिरक्या असलेल्या ट्रेलरला आणखी तिरके करते. वेग वाढवून ट्रेलर ताणून सरळ करता येतो, असा सल्ला काही जण देतात. तो धोकादायक आहे, कारण त्याने आपण अस्थिरतेच्या आणखी जवळ जातो. ट्रेलरला विजेवर चालणारे ब्रेक असतील आणि चालकाजवळ त्यांचा स्वतंत्र हातदांडा असेल, तर कारचा ब्रेक न लावता फक्त तो दांडा हलके दाबावा. मागून ओढ बसल्यामुळे ट्रेलर सरळ रेषेत येतो. त्यानंतर सुरक्षित जागी थांबून माल आणि जोडणी पाहावी, आणि पुढचा सगळा प्रवास कमी वेगानेच करावा.

असे का होते, हे थोडक्यात सांगणे गरजेचे आहे, कारण पुढच्या प्रत्येक तपासणीचा संबंध त्याच्याशी आहे. ट्रेलर बॉलभोवती, म्हणजे कारमागच्या ज्या गोळ्यावर दांडी जोडली जाते त्याच्याभोवती, आडवा झोका घेऊ शकतो. प्रत्येक झोक्याला टायर रस्त्यावर आडवा विरोध करतात आणि त्याने झोका विरतो. वेग वाढत जातो तशी ही विरण्याची क्रिया कमजोर होत जाते आणि एका ठरावीक वेगानंतर ती उलटते: प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो. हा वेग प्रत्येक कार-ट्रेलर जोडीचा वेगळा असतो. माल योग्य भरलेला असला तर तो आपल्या नेहमीच्या वेगाच्या बराच वर राहतो. माल मागे गेला, टायर मऊ पडले किंवा जोडणी ढिली झाली, की तो खाली येतो. म्हणजे वेग कमी केल्यावर डोलणे थांबले याचा अर्थ दोष गेला असा होत नाही. आपण फक्त त्या सीमेच्या अलीकडे आलो आहोत.

पहिली तपासणी: आकडे वाचणे

याला पैसा लागत नाही आणि अवजारही लागत नाही, तरीही हीच तपासणी सर्वांत जास्त वेळा राहून जाते. कारच्या पुस्तिकेत तीन आकडे शोधावेत: ब्रेक असलेल्या ट्रेलरचे कमाल वजन, ब्रेक नसलेल्या ट्रेलरचे कमाल वजन आणि बॉलवर चालणारा कमाल उभा भार. त्यानंतर कारला बसवलेल्या टोबारवरची (बॉल धरणाऱ्या मागच्या लोखंडी चौकटीवरची) माहितीची पट्टी आणि ट्रेलरवरची पट्टी वाचावी. या सगळ्यांपैकी जो आकडा सर्वांत लहान असेल तोच आपल्या जोडीला लागू होतो. टोबार भक्कम आहे म्हणून कारची मर्यादा वाढत नाही. बॉलवरचा भार हा कारमधल्या सामानाइतकाच कारवरचा भार असतो, म्हणून चार प्रवासी, भरलेली डिकी आणि ट्रेलर यांची बेरीज कारच्या एकूण परवानगीच्या वजनात बसायला हवी.

ट्रेलरचे वजन अंदाजाने धरू नये. मालासकट ट्रेलर वाहनांच्या वजनकाट्यावर एकदा तरी न्यावा. लोक रिकाम्या ट्रेलरचे वजन सांगतात आणि त्यात पाण्याची टाकी, गॅसचे सिलिंडर, सुटे चाक आणि नंतर बसवलेल्या पेट्या धरत नाहीत. नव्याने ट्रेलर ओढणाऱ्या चालकांसाठी ब्रिटनमध्ये कॅरॅव्हानबाबत (राहण्याची सोय असलेल्या ट्रेलरबाबत) एक जुना संकेत आहे, की भरलेल्या कॅरॅव्हानचे वजन कारच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. हा कायदा नाही, पण त्यामागचा विचार पक्का आहे: मागची वस्तू पुढच्या वस्तूच्या जवळपास इतकीच जड झाली, की झोका कार सहन करत नाही, तर कारच झोक्याबरोबर जाते.

दुसरी तपासणी: टायर

टायर थंड असताना हवा मोजावी. कारच्या मागच्या टायरसाठी पूर्ण भाराचा वेगळा, जास्त दाब दाराच्या चौकटीवरच्या तक्त्यात किंवा पुस्तिकेत दिलेला असतो. ट्रेलर ओढताना तोच दाब ठेवायचा असतो. ट्रेलरच्या टायरसाठी ट्रेलर बनवणाऱ्याने दिलेला दाब पाळावा. हवा कमी असली की टायरची भिंत आडवी दबते, आणि झोका विरवणारा आडवा विरोध नेमका त्याच भिंतीतून येतो. कारच्या मागच्या टायरमध्ये कमी हवा असणे हे ट्रेलरच्या टायरइतकेच वाईट आहे, ही गोष्ट अनेकांना नवी वाटते.

ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, कारण ते महिनोन्महिने एकाच जागी उभे असतात. टायरच्या भिंतीवर चार अंकी खूण असते. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनला आहे. नक्षी खोल असली तरी भिंतीवर बारीक भेगा दिसत असतील, किंवा टायर सहा-सात वर्षांपेक्षा जुना असेल, तर तो बदलावा. एका अ‍ॅक्सलवर दोन वेगळ्या बनावटीचे टायर ठेवू नयेत.

तिसरी तपासणी: माल कुठे आहे

येथे मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, आणि वाचकांनीही घालवावा अशी विनंती आहे, कारण माझ्यासमोर आलेल्या डोलणाऱ्या ट्रेलरांपैकी बहुतेकांचा उपाय इथेच सापडला. मागे जड आणि पुढे हलक्या भरलेल्या गाडीला मराठीत उलाळ गाडी म्हणतात. कारमागचा ट्रेलर उलाळ झाला, तर जोडणीमुळे त्याची दांडी वर उचलली जात नाही, त्यामुळे दोष डोळ्यांना दिसत नाही. तो वेगात जाणवतो.

बॉलवर किती उभा भार येतो, हे मोजण्याची गोष्ट आहे. उत्तर अमेरिकेत भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार बॉलवर असावा, असे सांगतात. युरोपात कॅरॅव्हान आणि हलक्या ट्रेलरसाठी साधारण ५ ते ७ टक्के सांगतात, आणि तिथल्या कारवर बॉलच्या भाराची कमाल मर्यादा अनेकदा ५० ते १०० किलोच असते. हे दोन आकडे वाचून गोंधळ होतो. ट्रेलरची रचना, कारची क्षमता आणि ओढण्याचा वेग यांनुसार हे संकेत वेगवेगळे झाले आहेत. आपल्यासाठी नियम एवढाच, की आपल्या कारची आणि ट्रेलरची कमाल मर्यादा न ओलांडता भार त्या मर्यादेच्या जवळ ठेवावा. ५ टक्क्यांच्या खाली मी कोणालाही वेगाने जाऊ देत नाही.

मोजण्यासाठी माणसाचे वजन करण्याचा घरगुती काटा पुरतो. सपाट जागेवर, प्रवासाला निघताना असेल तसा माल भरून, ट्रेलरच्या चाकांना पुढून आणि मागून ठोकळे लावावेत. काट्यावर एक जाड फळी आणि फळीवर उभा लाकडी ओंडका ठेवावा. ओंडक्याची उंची अशी हवी, की त्यावर कपलर (दांडीच्या टोकाचा, बॉलवर बसणारा भाग) टेकल्यावर दांडी प्रवासात असते त्याच उंचीवर राहील. पुढचे लहान चाक वर घ्यावे आणि काटा वाचून लाकडांचे वजन वजा करावे. भार काट्याच्या क्षमतेबाहेर असेल, तर एक मजबूत तुळई घेऊन तिचे एक टोक जमिनीवरच्या टेकूवर आणि दुसरे टोक दीड मीटर अंतरावरच्या काट्यावर ठेवावे, आणि दांडी टेकूपासून अर्ध्या मीटरवर टेकवावी. काट्यावर एकतृतीयांश भार येतो, म्हणून आकड्याला तीनने गुणावे. तुळईमुळे आधीच दिसणारा आकडा वजा करायला विसरू नये. हे सगळे करताना दांडीखाली पाय येऊ देऊ नये.

समजा, भरलेल्या ट्रेलरचे वजन ८०० किलो आहे, बॉलपासून अ‍ॅक्सलचे अंतर ३ मीटर आहे आणि काट्यावर फक्त १२ किलो दिसले. म्हणजे दीड टक्का. हा ट्रेलर डोलणारच. आत ६० किलोची अवजारांची पेटी अ‍ॅक्सलच्या १.२ मीटर मागे ठेवलेली आहे. ती उचलून अ‍ॅक्सलच्या ०.६ मीटर पुढे ठेवली, तर ती १.८ मीटर पुढे सरकली. ६० ला १.८ ने गुणून ३ ने भागले, की ३६ किलो येतात. एवढा भार बॉलवर वाढतो आणि एकूण ४८ किलो होतो, म्हणजे बरोबर ६ टक्के. एका पेटीने, एकही नवी वस्तू विकत न घेता काम झाले.

यात एक फसवी जागा आहे. बॉलवरचा आकडा बरोबर आणण्यासाठी काही जण मागचे जड सामान मागेच ठेवून अगदी पुढच्या टोकाला तितकेच जड सामान भरतात. काट्यावर आकडा छान दिसतो, पण ट्रेलर तरीही डोलतो, आणि एकदा डोलू लागला की लवकर थांबत नाही. वस्तू अ‍ॅक्सलपासून दुप्पट लांब गेली, की सुरू झालेला झोका थांबवणे तिच्या बाबतीत चौपट अवघड होते. म्हणून सर्वांत जड वस्तू अ‍ॅक्सलच्या वर किंवा किंचित पुढे, जमिनीला लागून ठेवाव्यात. हलक्या वस्तू टोकांना चालतील. ट्रेलरच्या मागच्या बंपरवर टांगलेल्या दोन सायकली वजनाने फार नसतात, पण त्या सर्वांत वाईट जागी असतात. मी त्या काढून पुढे किंवा कारवर ठेवायला लावतो. अर्धी भरलेली पाण्याची टाकीही टाळण्यासारखी गोष्ट आहे, कारण पाणी झोक्याबरोबर हलते. टाकी रिकामी तरी असावी किंवा पूर्ण भरलेली तरी. शेवटी सगळे सामान पट्ट्यांनी बांधावे. न बांधलेला माल पहिल्या ब्रेकला जागा बदलतो आणि आपण मोजलेला आकडा खोटा ठरतो.

भार जास्त होण्याचीही बाजू पाहिली पाहिजे. बॉल कारच्या मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे असतो, म्हणून त्यावरचा भार तरफेसारखा काम करतो. कारच्या दोन अ‍ॅक्सलमधले अंतर २.६ मीटर असेल आणि बॉल मागच्या अ‍ॅक्सलपासून १.२ मीटर मागे असेल, तर बॉलवरच्या १०० किलोंमुळे मागच्या अ‍ॅक्सलवर सुमारे १४६ किलो वाढतात आणि पुढच्या अ‍ॅक्सलवरून सुमारे ४६ किलो कमी होतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या लहान कारमध्ये त्यामुळे स्टिअरिंग, ब्रेक आणि चढावरची पकड तिन्ही कमजोर होतात. अधिक भार म्हणजे अधिक स्थैर्य, असे सरसकट समजू नये.

चौथी तपासणी: उंची

जोडलेला ट्रेलर बाजूने पाहावा. तो जमिनीला समांतर किंवा पुढे किंचित झुकलेला हवा. पुढचे टोक वर असेल, तर बॉलवरचा भार कमी होतो, आणि दुहेरी अ‍ॅक्सल असल्यास मागच्या चाकांवर भार वाढतो. काढता-घालता येणारा बॉलमाउंट (बॉल धरणारा जोडभाग) असेल तर योग्य उंचीचा माउंट बसवून हे दुरुस्त होते.

पाचवी तपासणी: जोडणी

बॉल आणि कपलर यांचे माप एकच आहे का, हे दोन्हींवरचे कोरलेले आकडे वाचून ठरवावे. अनेक देशांत ५० मिलिमीटरचा बॉल चालतो. उत्तर अमेरिकेत २ इंची म्हणजे ५०.८ मिलिमीटर, आणि शिवाय १⅞ इंची म्हणजे ४७.६ मिलिमीटरचा बॉलही आहे. लहान बॉलवर मोठे कपलर बसते आणि कुलूपही लागल्यासारखे वाटते, पण एखाद्या खड्ड्यात ते सुटून येऊ शकते. हा दोष डोलण्यापेक्षा कितीतरी गंभीर आहे, आणि जुन्या ट्रेलरला नवी कार आली की तो उद्भवतो.

५० मिलिमीटरचा बॉल व्हर्नियर कॅलिपरने तीन-चार दिशांनी मोजावा. ४९ मिलिमीटरपर्यंत उतरला असेल तर तो बदलावा. अनेक कपलरवर झीज दाखवणारी खूण असते, तीही पाहावी. बॉलखालचा नट हाताने किंवा डोळ्यांनी तपासू नये. तो टॉर्क पान्याने, निर्मात्याने दिलेल्या ताणावर घट्ट करायचा असतो. जोडल्यानंतर पुढच्या लहान चाकाचा जॅक फिरवून दांडी थोडी वर उचलावी. कारची मागची बाजूही तिच्याबरोबर उचलली गेली, तर कपलर बॉलला धरून आहे. दांडी एकटीच वर आली, तर कपलर बसलेलेच नाही. हे करायला अर्धा मिनिट लागतो आणि मी ते प्रत्येक जोडणीनंतर करतो, स्वतःच्या ट्रेलरलाही.

साध्या कपलरला ग्रीसचा पातळ थर लागतो. कपलरमध्ये घर्षणाने झोके रोखणाऱ्या गाद्या असतील, तर मात्र बॉल पूर्ण कोरडा आणि स्वच्छ हवा. सवयीने लावलेल्या ग्रीसने त्या गाद्या निकामी होतात आणि मग ट्रेलर डोलायला लागला, अशी तक्रार येते. सुरक्षा-साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेदून अडकवाव्यात, म्हणजे जोडणी सुटलीच तर दांडी जमिनीत घुसण्याऐवजी साखळ्यांच्या झोळीत अडते. त्या जमिनीला घासू नयेत आणि वळताना ताणल्याही जाऊ नयेत. ट्रेलर सुटल्यास त्याचे ब्रेक ओढणारी तार बॉलच्या मानेला नुसती न गुंडाळता कारवरच्या ठरलेल्या कडीत अडकवावी.

सहावी तपासणी: चाके आणि बेअरिंग

यासाठी जॅक, स्टँड आणि टॉर्क पाना लागतो. नट आधी घट्ट करून पाहावेत. चाक नुकतेच काढून बसवले असेल, तर ५० ते १०० किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासावे लागतात, कारण नवी बैठक थोडी दबते. मग ट्रेलर कारला जोडलेला ठेवून, दुसऱ्या बाजूच्या चाकाला ठोकळे लावून, एक चाक उचलावे आणि अ‍ॅक्सल स्टँडवर टेकवावा. फक्त जॅकवर तोललेल्या ट्रेलरखाली हात घालू नये. चाक वर-खाली धरून हलवल्यावर ठळक ढिलेपणा जाणवला, किंवा फिरवताना खरखर ऐकू आली, तर बेअरिंग गेले आहे किंवा सैल झाले आहे. ढिले बेअरिंग असलेले चाक प्रत्येक झोक्यात स्वतःची दिशा थोडी बदलते, आणि मग बॉल कितीही नवा असला तरी उपयोग होत नाही.

प्रवासातली सोपी परीक्षा अशी: वीस-तीस किलोमीटर गेल्यावर थांबून सगळ्या हबजवळ (चाकांच्या मध्यभागाजवळ) तळहात आणावा, लगेच स्पर्श करू नये. एक हब बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे तापलेला असेल, तर तिथले बेअरिंग बिघडले आहे किंवा ब्रेक सुटत नाही.

सातवी तपासणी: अ‍ॅक्सल सरळ आहे का

कपलरच्या मध्यापासून अ‍ॅक्सलच्या डाव्या आणि उजव्या टोकावरच्या सारख्याच खुणेपर्यंत मोजपट्टीने अंतर घ्यावे. फीत ताणून धरायला दुसरा माणूस हवा. दोन्ही मापांत ३ मिलिमीटरपेक्षा अधिक फरक असेल, तर अ‍ॅक्सल सरकला आहे. पाट्यांच्या स्प्रिंगचे यू-बोल्ट सैल झाल्यावर हे घडते, किंवा चाक फुटपाथच्या कडेवर आपटल्यावर. सैल यू-बोल्ट दिसला तरी अंदाजाने आवळून पुढे जाऊ नये. अ‍ॅक्सल जागेवर आणल्याशिवाय आवळणे म्हणजे तिरकेपण पक्के करणे होय.

आठवी तपासणी: ब्रेक आणि कार

ट्रेलरच्या दोन चाकांपैकी एकच धरत असेल, तर प्रत्येक ब्रेकला ट्रेलर तिरका होतो आणि झोक्याला सुरुवात मिळते. कारच्या ढकलण्यावर चालणाऱ्या ब्रेकमध्ये दांडीत धक्के शोषणारा एक डॅम्पर असतो; तो गेला, की ब्रेक लावताना आणि सोडताना मागून धक्के बसतात. विजेच्या ब्रेकमध्ये कंट्रोलरची तीव्रता मालाच्या वजनाप्रमाणे पुन्हा जुळवावी लागते.

कारच्या मागच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरची स्थिती पाहावी. तेल गळत असेल किंवा मागची बाजू दाबून सोडल्यावर ती अनेकदा हलत राहिली, तर ते बदलावेत. अनेक नव्या कारमधली स्थैर्य प्रणाली ट्रेलरचे झोके ओळखून एकेका चाकाचा ब्रेक लावते, पण त्यासाठी कारला ट्रेलर जोडल्याचे कळावे लागते. दिव्यांसाठी मागच्या तारांना परस्पर जोड दिला असेल, तर दिवे लागतात आणि ही प्रणाली मात्र झोपलेली राहते.

झोके रोखणारे उपकरण कधी

दुकानात सर्वांत आधी हेच सुचवले जाते, आणि माझ्या क्रमात ते सर्वांत शेवटी येते. घर्षणाचे उपकरण किंवा भार विभागणारा हिच (बॉलवरचा भार कारच्या पुढच्या चाकांकडेही वाटणारी जोडणी) लहान झोके विरवतो, हे खरे आहे, आणि नीट भरलेल्या ट्रेलरला वाऱ्यात त्याची मदत होते. उलाळ ट्रेलरला ते लावले, तर दोष तसाच राहतो आणि चालकाला मिळणारी आधीची सूचना तेवढी नाहीशी होते. पुढे ट्रेलर डोलेल तो जास्त वेगात. भार विभागणारा हिच काही कारच्या पुस्तिकेत स्पष्टपणे नाकारलेला असतो, तेही वाचून घ्यावे.

पुन्हा चाचणी

एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा. सरळ, मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर, वारा नसताना, ताशी ५० पासून १० च्या टप्प्याने वेग वाढवत न्यावा आणि प्रत्येक टप्प्यावर एक-दोन किलोमीटर राहावे. मुद्दाम स्टिअरिंग झटकून झोका निर्माण करण्याची चाचणी सार्वजनिक रस्त्यावर करू नये. कायद्याची ट्रेलरसाठीची मर्यादा जिथे पोहोचते, तिथे चाचणी थांबते. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० ने गेल्यास समोरून येणाऱ्या हवेचा रेटा सुमारे ५६ टक्क्यांनी वाढतो, म्हणून सगळे ठीक असलेल्या ट्रेलरलाही वेगाची स्वतःची मर्यादा राहतेच.

कुठे थांबून जाणकाराला बोलवावे

दांडीच्या किंवा चासीच्या वेल्डिंगमध्ये भेग दिसली, रंगाखालून गंजाची रेष फुटलेली दिसली किंवा दांडी वाकलेली वाटली, तर ट्रेलर तिथेच उभा करावा आणि तो दुसऱ्या वाहनावर चढवून कार्यशाळेत न्यावा. तीच गोष्ट कारला टोबार जिथे बोल्टने बसवला आहे तिथला पत्रा फाटला किंवा गंजला असेल तर. तिथे स्वतः वेल्डिंग करू नये, ओळखीच्या कारागिराकडूनही नुसते वरवरचे करून घेऊ नये. सगळा ट्रेलर त्या चार-सहा बोल्टवर लटकत असतो.

बेअरिंग खरखरत असेल, हब निळसर पडला असेल किंवा हात जवळ नेववत नसेल इतका तापत असेल, तर पुढे चालवू नये. बेअरिंग बदलण्याचा अनुभव नसल्यास ते काम शिकण्याची ही वेळ नव्हे, कारण जास्त आवळलेले नवे बेअरिंगही जळते. अ‍ॅक्सल सरकला असेल किंवा वाकला असेल, ब्रेक एका बाजूनेच धरत असेल, ब्रेकच्या तारा किंवा नळ्या उघडायच्या असतील, किंवा कारच्या प्रणालीला ट्रेलरची ओळख करून द्यायची असेल, तर ती कामे साधने आणि मापे असलेल्या कार्यशाळेचीच आहेत. ट्रेलर एकदा आडवा होऊन कारला धडकला असेल, तर बाहेरून काही दिसत नसले तरी कपलर, दांडी, बॉल आणि टोबार चारही तपासून घेतल्याशिवाय तो जोडू नये.

आणि माल मोजून भरला, टायर बरोबर, जोडणी घट्ट, अ‍ॅक्सल सरळ, एवढे सगळे झाल्यावरही ट्रेलर ताशी ८० च्या आत डोलत असेल, तर घरची तपासणी संपली. वजनकाट्याच्या पावत्या, बॉलवरच्या भाराचे आकडे आणि कोणत्या वेगाला काय झाले याची नोंद घेऊन ट्रेलरच्या कार्यशाळेत जावे. कधीकधी तिथे उत्तर मिळते, की या कारला हा ट्रेलर लांब किंवा जड आहे. लहान कार आणि मागे लांब बाहेर आलेला बॉल असेल, तर असे होते. तेव्हा हलका ट्रेलर किंवा मोठी कार, हेच दोन मार्ग उरतात, आणि तो निर्णय होईपर्यंत ती जोडी रस्त्यावर आणू नये.